एकाआड एक थर

माण तालुक्यातल्या आमच्या गावात देवीचा तांदळा आहे. तांदळा म्हणजे नाकडोळे नसलेला दगड. पिढ्यानपिढ्या त्यावर शेंदूर चढत आला, त्यामुळे खालचा दगड आमच्या हयातीत कुणी पाहिलेला नव्हता. पूजेची पाळी दोन घरांत फिरते, एक वर्ष आमची, एक वर्ष धाकट्या दिरांची. पाडवा ते पाडवा. चैत्रातल्या यात्रेआधी पाळीच्या घरच्या बाईने शेंदराचा नवा थर द्यायचा.

मी चौथी शिकले. शेंदूर कालवायला सासूने शिकवलं, शिव्या देत शिकवलं. घाण्याचं करडईचं तेल, शेंदूर आणि दगडी खल. दोन दिवस खलायचं. एक गुठळी सापडली तरी ती पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. मालक लष्करातून पेन्शनवर आले आणि चार वर्षांत गेले. तेव्हाच भावकीत पाळी काढून घ्यायचं निघालं होतं. मला एकच मुलगी, ती सासरी. मी सांगितलं, पाळी घराची आहे, कुंकवाची नाही. धाकटी जाऊ त्या दिवशी माझ्या बाजूने बोलली. ते मी विसरले नाही, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पाळीत देवीची खोळ पडली. खोळ म्हणजे शेंदराचं कवच. थर देऊन आठवडा झाला होता. सकाळी दार उघडलं तर खाली परातीएवढे तुकडे आणि मागे काळा दगड उघडा. खोळ पडणं काही नवं नाही. देवी कात टाकते, असं जुनी माणसं म्हणायची आणि वाजतगाजत तुकडे नदीला न्यायची. पण या वेळी हात विधवेचा होता. भावकी देवळासमोर बसली. थोरले चुलत दीर म्हणाले, "वयनी, वाईट वाटून घिऊ नगा. पांढऱ्या कपाळाचा हात देवीला सोसला न्हाई."

मी जावेकडे पाहिलं. ती पदराचा दोरा ओढत बसली होती. माझी पाळी तिच्या घरात गेली. ती सांगलीला मुलाजवळ राहते, पाळीपुरती गावी येते.

खोळ कृष्णेत सोडायची रीत. वाईला जाऊन सोडून या, हेही मलाच सांगितलं. मी गेले नाही. ज्यांना दोष दिसला त्यांनी सोडावी. मी ती पोत्यात भरली आणि ज्वारीच्या खोलीत टाकली.

त्यानंतर दोन वर्षं देवळात मी इतर बायांसारखी पायरीवरून हात जोडून परत यायची. सुना-लेकी आपली पोरं माझ्यापासून जरा लांब धरायच्या. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं.

गेल्या वर्षी पुण्याहून एक मुलगी आली. जुन्या मूर्तींवरचे, भिंतींवरचे रंग कशाचे बनलेत ते तपासणं हे तिचं काम. आमची खोळ पडल्याचं तिने ऐकलं होतं. लोकांनी माझं घर दाखवलं. पोत्याचं तोंड सोडलं तर ती मातीत मांडी घालूनच बसली. भावकीला विचारायला हवं का, म्हणाली. मी म्हटलं, भावकीने टाकलेली वस्तू आहे, ती माझी. तिने नखाएवढे चार तुकडे नेले, कुठला तुकडा कुठून घेतला ते लिहून घेतलं.

चार महिन्यांनी परत आली आणि कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. तुकडा पारदर्शक राळेत बसवून, कापून, घासून दुर्बिणीखाली धरला होता. चपातीचे पापुद्रे सुटावेत तसे थर दिसत होते. अगदी आत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचा लाल रंग. त्यावर तेलात खललेला शेंदूर, थरावर थर. मधे दिव्याच्या काजळीच्या काळ्या रेघा.

"आजी, शेंदरात शिसं असतं. विषारी आहे. लावून झाल्यावर हात धूत जा," ती म्हणाली.

मी म्हटलं, चाळीस वर्षं त्याच हाताने भाकरी थापून खाल्ली, आता धुऊन काय होणार.

मग तिने वरची बाजू दाखवली. सगळ्यात वर शेंदूर. त्याखाली एक पातळ, चकचकीत थर. त्याखाली पुन्हा शेंदूर, पुन्हा चकचकीत. असं बरंच खोल गेलं होतं. चकचकीत थरात शेंदूर नावालाही नव्हता. कारखान्यातली राळ, खडूची भुकटी आणि रंग, असं यंत्राने सांगितलं होतं. म्हणजे दुकानात डब्यात मिळतो तो ऑइल पेंट. असा एकाआड एक का, ते तिला उमगत नव्हतं.

मला उमगलं. सगळ्यात वरचा थर माझा होता. त्याखालचा तिचा.

मी एवढंच विचारलं, की पेंटमुळे खोळ पडते का. ती म्हणाली, पेंटची कातडी बनते, तिच्यावर तेलाचा शेंदूर धरत नाही, आज ना उद्या सुटणारच होतं. हे सगळं मराठीत कागदावर लिहून सही कर, असं मी तिला सांगितलं. तिने केली.

दुसऱ्या दिवशी एस्टीने सांगली गाठली. जाऊ मेथी निवडत होती. मी कागद वाचून दाखवला, फोटो पुढे ठेवला. तिने मेथी निवडणं थांबवलं नाही.

"व्हय, लावला," ती म्हणाली. "दोन दीस खलत कोण बसंल? माझं मनगट दुखतंय. आन् देवी कशी झाक दिसायची. अक्का, तुमीच मला म्हनायचा, तुझा थर चांगला बसतो."

खरं होतं. मी म्हणायची.

"मग त्या दिवशी गप का बसलीस?"

तिने निवडलेली पानं परातीत सारली. मग म्हणाली, "माझं नाव आलं असतं तर सुनंनं घरात ठिवलं नसतं. तुमचं काय, अक्का... तुमचं आनखी काय जायाचं हुतं?"

हे ती रागाने म्हणाली नाही. हिशेब सांगावा तसं म्हणाली. भावकीपुढे खरं सांगशील का, विचारलं तर हो म्हणाली. जेवून जा, असा आग्रह केला. मी जेवले नाही.

यंदा पाडव्याआधी भावकी बसली. चुलत दिरांनी कागद दोनदा वाचला. जाऊ उठली आणि म्हणाली, "दुकानदारानं शेंदूर म्हनून दिलं, मी लावलं. मला बाईमानसाला काय कळतंय."

शेंदूर पुडीत मिळतो आणि पेंट डब्यात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्यांनी दुकानदाराला नावं ठेवली. चुलत दीर म्हणाले, झालं गेलं, पाळी पहिल्यासारखी फिरू द्या. माझ्या हाताबद्दल कुणी काही बोललं नाही. तो शब्द परत घेतला, असंही कुणी म्हणालं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, आता वाढवू नगा वयनी.

मधलं माझं वर्ष जावेकडे गेलं होतं, म्हणून यंदाची पाळी माझी. खल काढला, दोन दिवस खलला. पाडव्याला जुन्या पाळीने देवळाची किल्ली नव्या पाळीच्या हातात द्यायची असते. जाऊ ओंजळीत किल्ली धरून उभी होती. मी हात पुढे केला नाही. उंबऱ्यावर ठेव, म्हटलं. तिने ठेवली. ती पायऱ्या उतरून गेली, मग मी वाकून उचलली.