तबल्याच्या माइकमधली बाई

सयाजीगंजातल्या लहानशा स्टुडिओत भजनांच्या कॅसेटी तयार होत. तिथला रेकॉर्डिस्ट डोळे मिटून, बडीशेप चघळत, एकेका माइकचा आवाज बंद करून ऐकायचा. “ज्याच्यावाचून अडत नाही, तो जाऊ दे ने,” गुजराती वळणानं म्हणायचा. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे लेख तपासताना मीही तसंच एकेक वाक्य झाकून बघायला लागलो.

एकदा नुकत्याच वारलेल्या गायिकेचं भजन लागलं होतं. तिचे यजमान शेजारीच बसले होते. रेकॉर्डिस्टनं सवयीनं तिच्या माइकचा आवाज बंद केला. नुसता तबला उरला, आणि तबल्यामागून, लांबून, ती गातच होती.

“तबल्याच्या माइकमध्ये शिरलीय,” तो डोळे न उघडता म्हणाला. “तिथून नाही निघत, भाऊ.”

यजमान वळून दाराकडे बघत होते.

हल्ली मी वाक्य खोडतो, आणि शेजारचं वाक्य वाचायला घाबरतो.