डाव्या खुब्यावर दोन बोटं

उत्तर इंग्लंडातल्या स्वेल नदीच्या खोऱ्यात हॅना थॉर्नगिलला हॅना थॉर्नगिल असं कुणीच म्हणत नसे, कारण म्हणून काही उपयोगच नव्हता. एके काळी त्या खोऱ्यात दगड भिरकावला तर तो थॉर्नगिलाच्या अंगणात पडायचा. आडनाव सगळ्यांचं एक, आणि मुलांची नावं ठेवतानाही या लोकांचा हात आखडता. तीच चार-पाच नावं आजोबांकडून नातवाकडे. मग माणूस ओळखायचा कसा? बापाच्या नावाने. ही टॉमची हॅना, ती सायमनची ॲलिस. आडनाव म्हणजे ठेवणीतला कोट. लग्नात घालायचा, आणि नंतर एकदम थडग्यावर.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला काटेरी झुडपांनी भरलेली एक घळ आहे, तिला थॉर्नगिल म्हणतात. तिच्या काठी एक घर होतं, आणि त्या घरातून हे सगळे थॉर्नगिल खाली उतरले. कुणी मेंढ्या राखल्या, कुणी शिशाच्या खाणीत गेले. पुढे शिशाचा भाव पडला, खाणी बसल्या आणि माणसं उठली. कुणी डरहॅमला कोळशाच्या खाणीत, कुणी लँकेशायरच्या गिरण्यांत, तर कुणी आगबोटीने थेट अमेरिकेत. जाताना सगळ्यांनी आडनाव नेलं आणि बापाचं नाव इथेच टाकलं. तिकडे ‘टॉमचा’ म्हटलं तर कोणता टॉम, हे कुणाला कळणार होतं! आज त्या घळीकाठच्या घराच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत आणि आत अंगाला आग लावणारी नेटलची झुडपं माजली आहेत.

अठराशे ब्याऐंशीच्या वसंतात टॉमचा किट आणि सायमनचा किट अमेरिकेची आगबोट धरायला एकाच गाडीत बसून लिव्हरपूलला गेले. किट म्हणजे ख्रिस्तोफरचं घरगुती रूप; दोघंही ख्रिस्तोफर थॉर्नगिल, दोघंही विशीतले. एक हॅनाचा भाऊ, दुसरा ॲलिसचा. दोघी मैत्रिणी वळणापर्यंत गाडीमागे चालत गेल्या, आणि येताना एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

दोन वर्षं काही कळलं नाही. लिहिता येत होतं कुणाला? मग डरहॅमकडचा एक खाणकामगार अमेरिकेतल्या आयोवाहून परतला आणि जाता जाता खानावळीत निरोप ठेवून गेला: “तुमचा ख्रिस्तोफर थॉर्नगिल खुशाल आहे.” संपलं! कोणता ख्रिस्तोफर, हे विचारायला माणसं धावेपर्यंत तो गडी डोंगरापलीकडे गेला होता. हॅना म्हणाली, निरोप आमचा. ॲलिस म्हणाली, आमचा. “तुझा मेला असेल, माझा नाही,” हे वाक्य दोघींपैकी कुणी तरी बोललं. आधी कोण बोललं याबद्दल खोऱ्यात अजून दोन पक्ष आहेत. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. पुढे ॲलिसचं लग्न झालं, नवरा वारला, ती मेंढ्या घेऊन बापाच्या घरी परत आली. तरी बोलणं नाही. दोघींच्या कुरणांमध्ये एक दगडी बांध होता. तो पडला की दोघी आपापल्या बाजूने दगड रचायच्या, मुकाट्याने.

हॅनाने लग्नच केलं नाही. बाप अंथरुणाला खिळलेला, मेंढ्यांना माणूस नाही. आणि खरं सांगायचं तर किट येईल तेव्हा घर उघडं असायला हवं, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. माडीवरचा त्याचा बिछाना ती दर उन्हाळ्यात वाळत घाली. बघणाऱ्यांना हसू येई. मला तरी कधी आलं नाही.

आणि एकोणीसशे बावीसच्या जुलैत, मेंढ्यांची लोकर कातरायच्या आठवड्यात, एक उंच परका माणूस तिच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मी एल्मर थॉर्नगिल. आयोवाहून आलो. माझे वडील ख्रिस्तोफर, याच खोऱ्यातले. त्यांची बहीण इथे असते म्हणायचे. खानावळवाल्याने तुमचं घर दाखवलं.”

खानावळवाला बाहेरून आलेला, नवा. त्याला दोन किटांची काय माहिती! जवळचं घर दाखवून तो मोकळा झाला.

हॅनाने दाराची चौकट धरली. मग त्याच्या कानांकडे पाहिलं. “टॉमचे कान!” ती म्हणाली. “अरे, आमच्या बापाचे कान आहेत हे. ये, आत ये. मी तुझी आत्या.” ते कान खोऱ्यातल्या निम्म्या माणसांना होते, पण त्या वेळी तिला कोण समजावणार?

तिने ओटकेक काढले, चीज काढलं, नाताळसाठी जपलेला फळांचा केकही कापला. एल्मर आठ वर्षांचा असताना बाप वारला होता, त्यामुळे त्याला फार आठवत नव्हतं, आजोबांचं किंवा आत्याचं नावही नाही. एक गोष्ट मात्र पक्की आठवत होती.

“बाबांच्या बरोबर त्यांच्याच नावाचा एक दोस्त होता, आत्या. बोटीवर तापाने गेला. त्याला समुद्रात सोडताना कप्तानाने नाव वाचलं, ख्रिस्तोफर थॉर्नगिल. बाबा म्हणायचे, माझ्या डोळ्यांदेखत मलाच बुडवलं रे. त्याला आग्रह करून त्यांनीच नेलं होतं. घरी कोणत्या तोंडाने कळवू म्हणायचे, आणि ते राहूनच गेलं.”

हॅनाचा हात सुरीवर थांबला. चाळीस वर्षांचं भांडण ती जिंकली होती, आणि तिला रडू कोसळलं. बिचारी ॲलिस, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावरच्या पायऱ्या चढून पलीकडे गेली. ॲलिस अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

“रस्ता चुकलीस का काय?” ॲलिस म्हणाली.

“ॲलिस, बस खाली. तुझा किट बोटीवरच गेला गं. माझ्या किटचा पोरगा आलाय, त्यानं सांगितलं.”

परडीतले उरलेले दाणे ॲलिसने एकदम ओतून दिले, आत गेली, खिडक्यांचे पडदे ओढले. बाहेर आली तेव्हा अंगावर दुखवट्याची काळी शाल होती, आई गेली तेव्हाची. “तुझ्या पोराला पोटभर घाल,” ती म्हणाली. “लांबून आलाय.” हॅनाने तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांनी दोघी परत एकदा रडल्या, पण एकीच्या रडण्यात समाधानही होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

गुरुवारी हॅनाच्या अंगणात कातरणी झाली. शेजारपाजारचे गडी आले. कातरलेल्या मेंढीवर घराची खूण करायची असते. हॅनाच्या घरची खूण म्हणजे खांद्यांवरून आडवा तांबडा पट्टा. एल्मरला हौस आली. “द्या तो रंग इकडे. आमच्याकडे मेंढ्या होत्या तेव्हा बाबांच्या हाताखाली हेच काम माझं असायचं.” पहिली मेंढी पुढ्यात आली. त्याने जराही विचार न करता दोन बोटं तांबड्या रंगात बुडवली आणि मेंढीच्या डाव्या खुब्यावर खाली ओढली.

अंगणात हशा पिकला. “वा रे पाहुण्या!” म्हातारा रूबेन ओरडला. “आत्याची मेंढी शेजारणीला देऊन टाकलीस की! ही खूण ॲलिसची, सायमनच्या घरची!”

एल्मरही हसला, कान लाल झाले. हॅना हसली नाही. गडी जेवायला बसले तेव्हा तिने त्याला पंपापाशी गाठलं. तो हातावरचा रंग धूत होता.

“ती खूण तुला कुणी शिकवली?”

“बाबांनीच. आमच्या घरची खूण म्हणायचे. शेजारी हसायचे आम्हाला, त्या गावात दुसऱ्या मेंढ्याच नव्हत्या.” तो थांबला. “काय झालं, आत्या?”

आत्या. त्या एका शब्दावर ती आणखी वीस वर्षं काढू शकली असती. गड्यांनी चेष्टा केली आणि विसरून गेले. पोराला काही माहीत नव्हतं, पुढच्या आठवड्यात तो परत जाणार होता. ॲलिस रडून मोकळी झाली होती. हॅनाने तोंड बंद ठेवलं असतं तर माडीवरच्या बिछान्यात किटचाच पोरगा झोपला असता, आणि तिचा किट आयोवात संसार करून, बायकोमुलांच्या हातून पाणी पिऊन गेला असता. नाहीतर तो विशीतच, कुठल्या तरी बेवारशी पाण्यात. तिने पंपाचा दांडा धरून ठेवला, पाणी वाहत राहिलं. तिला खूप मोह झाला. मलाही झाला असता.

मग तिने एप्रन सोडला. “चल,” ती म्हणाली. “टोपी घाल डोक्यावर. तुला तुझ्या घरी नेते.”

बांधापर्यंत तिने त्याला सगळं सांगितलं. तो तिचा हात धरू लागला, तिने धरू दिला. पलीकडे ॲलिसच्या खिडक्यांचे पडदे अजून ओढलेलेच होते. ॲलिस दारात आली, काळ्या शालीत, तीन दिवसांत चांगलीच वाकलेली.

“हा टॉमच्या किटचा नव्हे,” हॅना म्हणाली. “हा सायमनच्या किटचा एल्मर. डाव्या खुब्यावर दोन बोटं ओढतो. तुझा आहे, ॲलिस.”

ॲलिसला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने आधी पोराकडे पाहिलं, मग हॅनाकडे, आणि तिच्या तोंडून नुसतं “हॅना, अगं…” एवढंच निघालं.

हॅनाने हात पुढे केला.

“ती शाल काढ,” ती म्हणाली. “ती आता माझी आहे.”