जांभळ्या बाटल्या

बाटल्या धुणाऱ्याकडे कसले किस्से, असं लोकांना वाटतं. अंबरनाथच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये मी अठरा वर्षं मोरीपाशी उभा होतो. मोरीपाशी उभ्या माणसाला कान असतात, हे साहेब लोक विसरतात. मग किस्से साचतात.

*

नव्वदच्या आसपास नवीन मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मी धुतलेली बाटली उजेडात धरून तिरकी केली.

मी म्हणालो, "डाग सापडला तर मी घरी जातो. नाही सापडला तर पुन्हा बघायचं नाही."

पुन्हा त्यांनी कधीच बघितलं नाही. मी चौथी शिकलेला, पण काचेत मला कोणी हरवायचं नाही.

*

मॅडमचं काम असं: जांभळाच्या सालीचा रंग काढायचा आणि बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा. निम्म्या बाटल्यांत रंग, निम्म्या नुसत्या. जांभळं ड्रायव्हर भोईरच्या बदलापूरच्या झाडांची. पेशीही तोच मुंबईहून डब्यातून आणायचा.

पहिल्या दिवशी त्याने डबा मागच्या सीटवर ठेवला आणि गाडीच्या सगळ्या काचा उघड्या टाकल्या. आमचे स्टोअरकीपर उल्हासनगर कॅम्प पाचचे सिंधी. ते म्हणाले, "साईं, कॅन्सर है, मच्छर नहीं."

*

त्याच वर्षी भोईरच्या बायकोच्या, हिराबाईच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशनची तारीख मिळाली.

आणि त्याच आठवड्यात रंगाच्या बाटल्यांतल्या सगळ्या पेशी मेल्या. नुसत्या बाटल्यांतल्या जिवंत. मॅडमनी पेढे वाटले.

भोईरने पेढा खिशात ठेवला. म्हणाला, "मंग ऑपरेशन नाय करायचं. झाडं घरचीच हायेत."

बाटली वेगळी, बाई वेगळी, असं मॅडमनी त्याला तासभर समजावलं. त्याचं एकच, "मेलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या."

*

त्या दुपारी मी मोरीपाशी रंगाच्या बाटल्या धूत होतो. जांभळाचा डाग काचेवरून सुटत नाही. म्हणून रंगाच्या बाटल्या मी वेगळ्या काढून घरून आणलेल्या कडक साबणाच्या पावडरीत बुडवायचो. पुढच्या वेळी रंग त्यांतच भरला जायचा. कोणाला सांगितलं नव्हतं. धुतलेल्यांतली एक उचलली, नुसतं पाणी भरलं, हलवली.

फेस आला.

बाटली फोडून टाकता आली असती. मी ती तशीच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. भोईरलाही बोलावलं.

"तुमच्या पेशी रंगाने नाही मेल्या. माझ्या साबणाने मेल्या असतील."

मॅडम खुर्चीत बसल्या.

*

कोऱ्या बाटल्या आणून सगळं पुन्हा केलं. ऑपरेशन शुक्रवारी. बाटल्या उघडल्या बुधवारी. मॅडमनी भोईरलाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. त्याने बराच वेळ लावला.

"जिवंत हायेत?"

"काही मेल्या. बऱ्याचशा जिवंत आहेत."

त्याने शुक्रवारच्या रजेचा अर्ज तिथेच उभ्या उभ्या लिहिला. माझ्याशी मात्र वर्षभर बोलला नाही.

*

पुढच्या मोसमात गेटवर मला भेटायला कोणी आलंय, असा निरोप आला. जाऊन बघतो तर हिराबाई. वाळली होती, पण आपल्या पायांनी आली होती. तिने जांभळांची टोपली माझ्या हातात दिली.

"भावजी, धुतलेली नायत. तुम्हीच धुवा."

चार पावलं गेली आणि वळली.

"साबण नका लावू."