तीन ओहोट्या आणि एक जाळं

कमरुद्दीन सोलकर यांचं काम मी घालवलं. पगाराची नोकरी नव्हे. ती दुबईत अल क्वोजमधल्या स्पेअर पार्ट्सच्या गोडाउनमध्ये सव्वीस वर्षं चालू आहे, आणि ती घालवणं माझ्या हातात नव्हतं. मी घालवलं ते दुसरं काम, माझ्या मुलाच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या असिस्टंट कोचचं. त्याचे पैसे जेमतेम पेट्रोलपुरते मिळत. पण गळ्यात कॉलेजचं कार्ड असे आणि त्यावर फोटोखाली ‘कोच’ असं छापलेलं असे. ते कार्ड ते गोडाउनमध्येही घालून फिरत. तिथले फोर्कलिफ्टवाले त्यांना ‘कोचसाब’ म्हणत.

माणूस दाभोळच्या खाडीकाठचा. एकोणिसाव्या वर्षी जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाल्याचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात मामाने पाठवलेला व्हिसाही आला. घरात दोन बहिणी लग्नाच्या. पत्र ट्रंकेत गेलं आणि हे विमानात बसले. हे त्यांनी मला एकदा पार्किंगमध्ये सांगितलं होतं, तेही हसत हसत. मी तेव्हा फोनवर काहीतरी बघत ‘हो का’ म्हटलं होतं.

आता माझ्याबद्दल. मी लतिका. मूळची साताऱ्याची, इथे एका कंपनीत एचआरमध्ये आहे, इंटरनॅशनल सिटीत राहते. माझा आवाज मोठा आहे आणि मला गप्प बसवत नाही. नवरा उपेंद्र मॅचला येत नाही, कारण माझ्या शेजारी बसायची त्याला लाज वाटते. मुलगा आरव मिडफिल्डला खेळतो. त्याच्या टीमची एकही मॅच मी तीन वर्षांत चुकवली नाही आणि एकाही मॅचला गप्प बसले नाही.

ओरडायला कारणही तसंच होतं. टीमने हल्ला कसा करायचा, हे सगळं कमरुद्दीनभाई ठरवत, आणि त्यांना घाई म्हणून नव्हतीच. मैदानाच्या कडेला उभं राहून ते मराठीत हाका देत. ‘ओहोटी’ म्हटलं की बॉल मागे न्यायचा. ‘भरती’ म्हटलं की सगळ्यांनी पुढे घुसायचं. आणि ‘जाळं’ म्हटलं की उजवीकडच्या कोपऱ्यात लांब बॉल टाकायचा, तिथे आमचा फहद वाऱ्यासारखा पळत पोचायचा. गोलकीपर यहया सुदानचा, बाकी पोरं केरळची, पेशावरची, मनिलाची. पण हे तीन शब्द सगळ्यांना तोंडपाठ. समोरच्या टीमला मात्र ओ की ठो कळत नसे. आणि शब्दांचा मूळ अर्थ कळत असे फक्त आरवला आणि मला.

कळत होतं म्हणूनच माझा जीव जात होता. समोर अख्खं मैदान मोकळं आणि हे ओरडणार, ‘ओहोटी!’ पुन्हा ‘ओहोटी!’ मी बाकावरून म्हणायची, “अहो कमरुद्दीनभाई, समुद्र आटला आता! भरती कधी आणणार?” ते वळून हात वर करायचे, “येईल ताई, सबर करा,” आणि लगेच पुन्हा ओहोटी. ते असं का करतात हे मी कधी विचारलं नाही. समोरच्यांना पुढे ओढायचं आणि मागे जागा रिकामी झाली की जाळं टाकायचं, इतकं साधं होतं ते. तीन ओहोट्या झाल्या की चौथं जाळं. हा हिशेब मात्र मी बसल्या बसल्या पकडला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

याच सबुरीवर टीम फेब्रुवारीत सेमी फायनलला पोचली. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच. शनिवारची दुपार, बाकांवर दोन्हीकडचे आईबाप मिसळून बसलेले. पहिल्या हाफमध्ये तीन ओहोट्या, एक जाळं, फहदचा गोल. एक-शून्य.

मी फुशारले. शेजारच्या बायकांना हिंदीत समजावून सांगायला लागले. “देखो, अभी वो बोलेगा ओहोटी, मतलब बॉल पीछे. तीन बार ओहोटी हुआ ना, फिर बोलेगा जाळं. मतलब लंबा बॉल, राइट कॉर्नर में. हर बार सेम! अरे, कुछ नया करो ना हबीबी!” बायका हसल्या. मला अजून चढलं. दोन बाक पुढे समोरच्या टीमचा ट्रॅकसूट घातलेला एक पोरगा बसला होता. तो मला दिसत होता. पण बाहेर आपण मराठीत काहीही बोललो तरी कुणाला कळत नाही, या सवयीने मी इतकी वर्षं जगले आहे, की आत्ता आपण हिंदीत बोलतोय, हे डोक्यातच आलं नाही. आणि दुबईत हिंदी कुणाला येत नाही?

दुसऱ्या हाफमध्ये जाळं टाकलं की उजव्या कोपऱ्यात त्यांचे दोन जण आधीच उभे. दर वेळी. फहदला बॉल मिळेना आणि उलट त्यांनीच तीन गोल चढवले. आम्ही हरलो. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले, “खलास! इतकं प्रेडिक्टेबल खेळल्यावर दुसरं काय होणार?” पोरं मान खाली घालून बाहेर येत होती आणि कमरुद्दीनभाई एकेकाच्या पाठीवर हात ठेवत उभे होते.

सोमवारी लंच टाइममध्ये मी कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसला मेल लिहिला. मेल लिहिणं हा माझा धंदाच आहे. ‘आक्रमणाची पद्धत जुनाट आहे, समोरच्यांना सहज ओळखता येते, तरुण खेळाडूंचं नुकसान होत आहे.’ चौदा पालकांच्या सह्या घेतल्या. चौथ्या दिवशी मीटिंग झाली आणि कमरुद्दीनभाईंचं कार्ड परत घेतलं गेलं. त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड आणलं होतं. हे लिहितानाही कान गरम होतात.

पुढच्या आठवड्यात आरव जेवताना लॅपटॉपवर त्या मॅचचा व्हिडिओ बघत होता. यहयाच्या वडिलांनी बाकावरून काढलेला, टीमच्या ग्रुपवर टाकलेला. मी पोळ्या लाटत होते. लॅपटॉपमधून माझाच आवाज आला, “मतलब लंबा बॉल, राइट कॉर्नर में.” मी बाहेर आले. पडद्याच्या कडेला ट्रॅकसूटवाला पोरगा उठला, पायऱ्या उतरला, त्यांच्या कोचच्या कानाशी वाकला.

आरवने व्हिडिओ थांबवला. “मॉम,” तो म्हणाला, “इट वॉज यू.”

मी म्हटलं, “अरे, मला काय माहीत...”

“कोच आस्क्ड फॉर दिस व्हिडिओ द व्हेरी नेक्स्ट डे,” तो म्हणाला. “ही न्यू. बिफोर द मीटिंग. ही न्यू.” ताट तसंच ठेवून तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

म्हणजे मीटिंगमध्ये बसताना त्यांना सगळं ठाऊक होतं. माझा मेल समोर ठेवून त्यांना विचारलं गेलं असणार, की समोरच्यांना तुमचा खेळ कळला कसा. आणि त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी अल क्वोजला गेले.

गोडाउनच्या कोपऱ्यात त्यांचं काचेचं छोटं केबिन. मला बघून ते गडबडीने उठले, खुर्ची पुसली, “अवो ताई, तुमी इथे? आरव बरा आहे ना?” चहा मागवला. भिंतीवर खिळ्याला कार्डाची निळी पट्टी लटकत होती, कॉलेजचं नाव विणलेली. तिच्या टोकाला आता काही नव्हतं.

मी म्हटलं, “कमरुद्दीनभाई, तो व्हिडिओ मी बघितला.”

ते चहात साखर ढवळत राहिले. “बघितला काय? बरं.”

“तुम्ही सांगितलं का नाही मीटिंगमध्ये? माझं नाव घ्यायचं होतं!”

“आणि मग?” ते म्हणाले. “आरव परत त्या पोरांत उभा राहिला असता काय? आईने मॅच घालवली म्हणून कॉलेज संपेपर्यंत ऐकलं असतं त्याने. मी म्हटलं, शब्द जुने झाले, माझीच चूक. माझं काय, मला गोडाउन आहे.”

मला रडू आलं. मी म्हटलं, मी पुन्हा मेल करते, सगळं लिहिते. ते म्हणाले, “नवा कोच आलाय ताई. पोरांना दोनदा घोळात टाकू नका.” मी म्हटलं, निदान मॅच बघायला तरी या. तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या पट्टीकडे बघितलं. “गेटवर आता पाहुणा म्हणून नाव लिहावं लागतं. ते जमायचं नाय मला.”

मी मेल केलाच. पहिल्या मेलला चार दिवसांत माणसाचं काम जाऊ शकलं. दुसऱ्याला ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच आपोआप आलेलं उत्तर आलं. चौदा पालकांनाही लिहिलं. दोघांनी अंगठा पाठवला. आरवलाही सांगितलं की मी सगळ्यांना कळवलं आहे. तो म्हणाला, “ओके.” तेवढंच.

ऑक्टोबरमध्ये नवा सीझन सुरू झाला. नवा कोच टॅबलेट घेऊन उभा असतो, इंग्रजीत हाका देतो. पहिल्याच मॅचला आम्ही एका गोलने मागे. मी बाकावर हाताची घडी घालून, तोंड मिटून बसले होते. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि आरवने कोचकडे न बघता हाक दिली, “ओहोटी!”

यहयाकडे बॉल गेला. पुन्हा, “ओहोटी!” समोरची पोरं पुढे सरकायला लागली. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारी नवीन आलेल्या एक बाई होत्या, समोरच्या टीमच्या कुणाची तरी आई. त्या वाकून म्हणाल्या, “भाभी, ये क्या चिल्ला रहा है? आपकी लँग्वेज है क्या?”

“पता नहीं,” मी म्हटलं.

आरव ओरडला, “जाळं!” लांब बॉल उजव्या कोपऱ्यात पडला, फहद तिथे पोचला, गोल झाला. सगळे उभे राहिले. मी बसून फोन काढला, कमरुद्दीनभाईंचं नाव उघडलं, आणि अंगठा तिथेच थांबला. तुमचे शब्द अजून चालतात, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण ज्या तोंडाने ते शब्द फोडले, त्याच तोंडाने कसं सांगणार? मी फोन पर्समध्ये ठेवला.