म्यान आणि बारदान

"कोयता आहे रे याच्याकडे! धरा त्याला!"

हवालदार असा ओरडला की मार्केट यार्डातले कांदे जागच्या जागी सोलून निघावेत. नाकाबंदीत अडवलेला मी स्कूटरवरच. हात वर. संध्याकाळची गर्दी, सगळा चौक माझ्याकडे बघतोय. पुढच्या पिशवीत बारदानात गुंडाळलेला माझा कोयता.

मी स्वारगेटजवळ शहाळी विकतो. एका घावात तीन शहाळी उडवतो. गिऱ्हाइकं चार सांगतात, मी त्यांना अडवत नाही. कोयता रात्रभर हातगाडीवर ठेवला तर सकाळी चोराकडे असतो, म्हणून रोज घरी नेतो आणि धार लावून परत आणतो. त्या दिवशीही बिबवेवाडीला घरी निघालो होतो.

"शहाळीवाला आहे, सर."

"शहाळी कुठंयत मग?"

"विकली."

"लई हुशार. आडनाव?"

सांगितलं. मग वस्ती विचारली. ती मी सांगायच्या आधीच त्याला कळली होती. नाव बदलतं, धम्म बदलतो. विचारणाऱ्याची नजर तीच.

माझ्या मागे एक गाडी थांबवलेली. एवढी लांब की पुढचं चाक बिबवेवाडीत आणि मागचं स्वारगेटला. काच खाली आली, आतला थंडावा माझ्या घामावर आला. दाराच्या कप्प्यात खंजीर. चांदीची मूठ, चामड्याचं म्यान, दोन्ही बाजूंना धार.

"हे काय, साहेब?" नाकाबंदीवरच्या फौजदारांनी विचारलं.

"राजस्थानचा आहे. कलेक्शन करतो मी," गाडीतला माणूस म्हणाला.

"सुंदर आहे. आपण जरा डिकीत ठेवत जा."

गाडी गेली. खोटं कशाला बोलू, मी जळलो. गाडीची नाही, बंगल्याची नाही. मला त्या 'आपण'ची असूया वाटली. त्या म्यानाची वाटली. त्याचं पातं म्हणजे हौस. माझं पातं म्हणजे गुन्हा. देवाने, असलाच कुठे तर, त्या क्षणी माझा तसला खंजीर करून टाकला असता तरी मी नाही म्हटलं नसतं. निदान मऊ कप्प्यात झोपलो असतो.

हवालदाराने मोबाइल काढला. "कोयता धर हातात. छातीपाशी. फोटो काढायचाय."

आमच्या वस्तीत असा फोटो निघाला की संपलं. तासाभरात सगळ्या ग्रुपवर. खाली ओळ, 'कोयत्यासह एकाला पकडले'. मग त्या हातचं शहाळं कोण पिणार? आमच्या शेजारचा पोरगा सुटून आला, फोटो अजून सुटलेला नाही.

मी हात मागे बांधले.

"धरणार नाही."

"काय म्हणालास?"

"सर, रस्त्यात कोयता घेऊन फिरलो म्हणून पकडलंत. आता रस्त्यातच हातात घ्या म्हणता. हत्यार वाटत असेल तर पंचनामा करा, गुन्हा लावा, कोर्टात बोलतो. कामाचं वाटत असेल तर परत द्या. फोटो नाही."

फौजदारांनी बारदान सोडलं. पात्याला खोबऱ्याचा चिकट थर, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मग कोयता माझ्यापुढे धरला.

"घे. जा. सोडला तुला."

सोडला. जसा काही मी त्यांनीच बांधलेला बैल.

दुसऱ्या दिवशी एका वकीलबाईंना शहाळं फोडून देताना विचारलं. त्या म्हणाल्या, घरकामाची, शेतीची, धंद्याची अवजारं शस्त्र कायद्यात वेगळी धरलीत. शहरात मनाईचा आदेश असला की पोलीस अडवून विचारू शकतात. काम काय ते सांगावं लागतं. खंजिराला मात्र परवाना लागतो, हौस म्हणून सूट नाही.

म्हणजे अडवायला हवं होतं कोणाला, आणि अडवलं कोणाला.

तेव्हापासून त्या गाडीवाल्यासारखं सुटायची माझी इच्छाच मेली. मेहेरबानीने सुटायचं नाही. अडवा, विचारा, पण जे मला विचारता ते त्यालाही विचारा.

त्याच संध्याकाळी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, उद्यापासून आतल्या गल्लीने येत जा."

"चौकातूनच येणार," मी म्हणालो.