मी बेलामीला रिलीज केलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी चहा तसाच टाकून उठेन, सांगून ठेवतो. कारण या भानगडीत आमच्या घरातला एक म्हातारा माणूस उपाशी झोपला होता, आणि ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

तुम्हाला माहीत आहे, माझं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान. गुंड, परात, घंगाळ यातलं काहीही विचारा, डोळे मिटून सांगेन. पण बेसबॉल? बेसबॉलचा आणि माझा काय संबंध? काही नाही! तरीही मी एका बेसबॉल टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू एका बोटानं घालवला. तेही फायनल चालू असताना. आणि टीम माझी असती तर एक वेळ चाललं असतं हो. टीम होती माझ्या सासऱ्यांची!

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तुमसरला शाळेत पी.टी.चे सर होते. पोरींना सॉफ्टबॉल शिकवायचे. रिटायर झाले, मग सासूबाई गेल्या, आणि तुमसरच्या घरात ते एकटे उरले. वर्षानं, म्हणजे आमच्या मिसेसनं, फोन केला की पलीकडून तीनच शब्द यायचे. हो. बरं. ठेवतो.

मग आपल्या भागातल्या रिटायर पी.टी. शिक्षकांनी मिळून मोबाइलवर एक बेसबॉल लीग काढली. आता ही लीग कशी, ते नीट ऐका. यातलं काहीच खरं नाही! मैदान नाही, बॉल नाही, खेळाडू नाहीत. सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. कॉम्प्युटरच खेळाडू जन्माला घालतो, त्यांना अमेरिकेतली नावं ठेवतो, सीझनमागे त्यांचं वय वाढवतो, खांदे दुखवतो आणि संध्याकाळी सात वाजता मॅच खेळून दाखवतो. मालकानं फक्त ठरवायचं, आज कोणाला उतरवायचं.

मामाजींच्या टीमचं नाव चांदपूर वाघ. आणि त्या टीमचा जीव म्हणजे ओटिस बेलामी. पिचर. म्हणजे आपल्याकडे बॉलर असतो ना, तसा. अख्ख्या लीगमधला सगळ्यात म्हातारा. बाकीचे मालक म्हणायचे, “सर, काढून टाका त्याले आता.” मामाजी ऐकत नव्हते. “खांदा थकला त्याचा, डोकं नाही थकलं,” म्हणायचे.

आणि खरं सांगू? बेलामी आल्यापासून मामाजींचे फोन लांबले. वर्षाला ते बेलामीच्या खांद्याबद्दल अर्धा अर्धा तास सांगायचे. तिला काडीचं कळत नसे. पण फोन ठेवल्यावर तिचे डोळे ओले असायचे. “बाबा बोलून राहिले,” एवढंच म्हणायची.

तर मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते आमच्याकडे भंडाऱ्याला आले. नेमकी तेव्हाच फायनल! सात सामन्यांची, चार जिंकेल तो चॅम्पियन. समोर साकोलीच्या मेश्राम सरांची टीम, नागझिरा बिबटे. मेश्राम सर मामाजींचे जुने दोस्त. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत मामाजी तीन जिंकलेले, मेश्राम सर दोन. एक सामना जिंकला की चषक चांदपूरचा.

ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरांनी बजावलं, मोबाइलकडे पाहायचं नाही. वर्षानं मोबाइल काढूनच घेतला. मग मामाजींनी मला जवळ बोलावलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं धूसर धूसर पाहत, वर्षाकडून मोबाइल माझ्या हातात देववला.

“जावईबापू, उद्याच्या मॅचले बेलामीले उतरवजा. बस. बाकी कशाले हात लावू नका.”

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मामाजींनी मला कधी काही सोपवलं नव्हतं. त्यांची स्कूटरसुद्धा मी मागे बसूनच अनुभवली आहे. माझी छाती अशी फुगली म्हणता!

दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाईक जरा कमी झाल्यावर, मी मोबाइल उघडला. सगळं इंग्रजीत. बेलामीच्या नावावर बोट ठेवलं तर खाली दोन शब्द आले. एक ॲक्टिव्हेट, दुसरा रिलीज.

आता तुम्हीच सांगा. ॲक्टिव्हेट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सिमकार्ड! मी म्हटलं, हा माणूस इतक्या सीझनपासून खेळतोय, तो चालू असणारच. राहिला रिलीज. पिच्चर रिलीज होतो म्हणजे काय होतो? लागतो! लोकांसमोर येतो! मग पिचर रिलीज झाला म्हणजे मैदानात आला. सरळ आहे की नाही?

मी दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? हे परत फिरवता येणार नाही. मी म्हटलं, शहाणा आहे. एकदा मैदानात उतरलेला माणूस असा कसा परत फिरवणार? मी “हो” दाबलं.

बेलामीचं नाव पडद्यावरून गायब झालं.

मी म्हटलं, गेला मैदानावर.

संध्याकाळी सातला मी मामाजींच्या खाटेशी मोबाइल घेऊन बसलो. माझं काम वाचून दाखवायचं. मामाजी उशीला टेकून, हात छातीवर बांधून, देवळात बसल्यासारखे. मॅच सुरू झाली आणि मी पाहतो तर चेंडू फेकतोय कोणी तरी पीटरसन. बेलामीचा पत्ता नाही.

“कसा फेकून राहिला बेलामी?” मामाजींनी विचारलं.

काही तरी चुकलं होतं, पण काय ते कळेना. आणि त्यांचा तो चेहरा! मी म्हटलं, “मस्त फेकून राहिला, मामाजी.”

इथे मी घसरलो. कारण पुढच्याच मिनिटाला पीटरसनला असा चोप बसायला लागला की विचारू नका! रन वाढत चालले, आणि ते लपवता येईनात, कारण स्कोअर तर मी आधीच मोठ्यानं वाचत होतो.

“कोणाच्या बॉलवर मारून राहिले?”

“बेलामीच्या,” मी म्हटलं. आता दुसरं काय म्हणणार?

“सरळ बॉलवर?”

“हो.”

“अन् त्याचा वळणारा बॉल?”

“त्यालेही मारून राहिले, मामाजी.”

सामना हरलो. तीन-तीन झाले. वर्षानं ताट आणलं तर म्हणाले, “भूक नाही पोरी.” आणि भिंतीकडे तोंड करून पडले. बऱ्याच वेळानं, मला वाटलं झोपले असतील, तर तिकडे तोंड ठेवूनच बोलले, “वय झालं की असंच होते, जावईबापू. लोक सांगत होते. मीच ऐकलं नाही.”

ते बेलामीबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, मला कळलं नाही. पण मला तिथे बसवेना.

स्वयंपाकघरात जाऊन मी वर्षाला हळूच विचारलं, “रिलीज म्हणजे काय गं?”

“सोडून देणं. काहून?”

“म्हणजे मैदानात सोडणं ना?”

तिनं माझ्या हातातला मोबाइल घेतला, पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. “अहो, तुम्ही त्याले काढून टाकलं! बाबाच्या बेलामीले काढून टाकलं!”

“मग परत घेऊ.”

“कुठून घेता? हे पाहा. मेश्राम काकानं घेतला त्याले.”

सकाळी मी दुकान उघडलंच नाही. एस.टी. पकडली आणि थेट साकोली. वाटेत लाखनी कधी गेलं मला माहीत नाही. एका नसलेल्या माणसाला परत आणायला मी असलेलं दुकान बंद करून निघालो होतो!

मेश्राम सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी पोहोचताच पाया पडलो. तेच घाबरले.

“काहून जी? सरची तब्येत बरी आहे ना?”

“तब्येत बरी आहे. बेलामी द्या.”

मग मी सगळं सांगितलं. सिमकार्ड, पिच्चर, सगळं. सरांनी पाण्याचा पाइप खाली टाकला आणि पाठ फिरवून उभे राहिले. खांदे हलत होते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“मले वाटलं कॉम्प्युटर बिघडला,” ते डोळे पुसत म्हणाले. “तुमच्या सासऱ्याले चार वेळा फोन लावला.”

लावला होता. मोबाइल माझ्याच खिशात होता आणि चुकून भलतंच काही दाबलं जाऊ नये म्हणून मी तो संध्याकाळपर्यंत बंद करून ठेवला होता.

“सोडलेला खेळाडू कोणीही उचलते,” सर म्हणाले. “मी नसता घेतला तर गोंदियावाल्यानं घेतला असता. पण आता फायनल संपेपर्यंत परत देता येत नाही. नियम आहे.”

“मग आज तो आमच्याच विरुद्ध?”

“छे! मी त्याले बसवून ठेवतो. दोस्ताचा माणूस दोस्ताच्या अंगावर सोडू काय?” त्यांनी चप्पल घातली. “चला, मी पण येतो. सरले पाहून येऊ.”

येताना एस.टी.त मी त्यांच्याकडून वचन घेतलं की मामाजींना काही सांगायचं नाही. सामना होऊ द्या, पट्टी निघू द्या, मग मी हळूहळू सांगेन. सर म्हणाले, “मले पटत नाही, पण घर तुमचं.”

आम्ही पोहोचलो तेव्हा मामाजी उठून बसले होते. मेश्राम सरांचा आवाज ओळखून त्यांनी हात पुढे केला. दोघांनी थोडा वेळ हात तसेच धरून ठेवले.

“ये गा मेश्राम. बरं झालं आला. तुलेच पहिले सांगतो. आजची मॅच झाली की मी टीम बंद करतो.”

“काहून गा?”

“बेलामी संपला. काल धू धू धुतला त्याले. जावईबापूनं सगळं वाचून दाखवलं. अन् मी तुमसरले जातो परत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही नाही करत. काय पाहायचं आहे आता?”

वर्षा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मेश्राम सरांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त मामाजी भिंतीकडे पाहत होते.

मी खाटेच्या खाली, फरशीवरच बसलो. “मामाजी, काल बेलामी खेळलाच नाही.”

“काय?”

“पीटरसन खेळला. मार त्याले पडला. बेलामीले मी चुकीनं रिलीज केलं. तो आता मेश्राम सरकडे आहे. मी खोटं बोललो.”

मला वाटलं, आता हा माणूस उठून चालता होणार. मामाजींनी पट्टी सावरली.

“म्हणजे त्याच्या बॉलवर कोणी मारलं नाही?”

“त्यानं टाकलाच नाही, मामाजी.”

“वळणारा बॉल?”

“तोही नाही.”

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की खाट कुरकुरली. “वर्षा, पोरी, काही खायले आण.” मग मेश्राम सरांकडे वळून म्हणाले, “आज कोणाले उतरवून राहिला?”

“दुसऱ्याले. बेलामीले बसवला मी.”

“बसवला?” मामाजींचा आवाज थेट शाळेच्या मैदानावरचा झाला. “काल खेळला नाही म्हणजे खांदा ताजा आहे त्याचा! फायनलचा सातवा सामना अन् तू बेलामीले बसवते? उतरव त्याले!”

“अगा, पण तुझ्याच विरुद्ध...”

“उतरव म्हणतो ना!”

मेश्राम सरांनी मोबाइल काढला. मी पाहत होतो. त्यांनी ॲक्टिव्हेट दाबलं.

सात वाजले. या वेळी मी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. बेलामीनं आमचा पहिला वाघ बाद केला, मी सांगितलं. दुसरा केला, सांगितलं. मामाजी पोह्यांचा घास हातात धरून विचारायचे, “कोणत्या बॉलवर?” मी म्हणायचो, “वळणाऱ्या.” ते मांडीवर थाप मारायचे. आमच्या टीमचं कंबरडं मोडत होतं आणि टीमचा मालक खुशीत येत होता! मेश्राम सर बिचारे जिंकत होते, पण त्यांना नीट आनंदही करता येईना.

शेवटचा वाघ बाद झाला. आम्ही हरलो. मामाजींनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. “पाहिलं गा मेश्राम? म्हणे संपला!” मग जरा थांबून म्हणाले, “पुढच्या सीझनले मागतो त्याले तुले. काय पाहिजे ते घे, पीटरसन सोडून.”

“पीटरसन कोण घेते!” सर म्हणाले.

त्या महिन्यात मामाजींनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही करून घेतलं. मी दवाखान्यात पूर्ण वेळ बसलो, मोबाइल मात्र वर्षाकडे होता.

मामाजी तुमसरला परतल्यावर एक दिवस मला गोंदियाच्या त्या सरांचा फोन आला. लीगमध्ये एक टीम रिकामी आहे, तुम्ही घ्या, अगदी आग्रहाचं आमंत्रण आहे. दुपारी आणखी एका मालकाचा. संध्याकाळी तिसऱ्याचा. “तुमच्यासारखा माणूस लीगमध्ये पाहिजेच!” मला भरून आलं हो! एवढा घोळ घालूनही लोकांनी मन मोठं केलं. मी अभिमानानं तुमसरला फोन लावला आणि मामाजींना सांगितलं.

मामाजींना पलीकडे ठसका लागला. मला वाटलं, गहिवरले.

“घ्या टीम,” ते म्हणाले. “फक्त एक करजा. कोणाले रिलीज करायचं झालं, तर त्या लोकांनी त्याले उचलायच्या आधी मले फोन लावजा.”