आरासेलीने सोडलेला विषय

स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातच फिदेन्सियो आडवा झाला, तेव्हा त्याची थोरली लेक आरासेली कॉलेजात रसायनाच्या प्रयोगात गढलेली. फोन आला तशी पांढरा कोट न काढताच ती धावली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

इस्पितळात स्पॅनिशचे दुभाषे असतात, पण तिच्या आईला, एउलालियाला, ते चालेनात. "घरचं दुखणं परक्याच्या तोंडून ऐकू? मग तुला शिकवलं कशाला?" कॅलिफोर्नियातल्या या सालिनासच्या खोऱ्यात थोरल्या मुलींचं हे असंच असतं हो. शाळेच्या पत्रापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत घराच्या वतीने बोलायचं त्यांनीच. डॉक्टरांची फेरी दहाला, रसायनाचा वर्गही दहाला. आरासेलीने वर्गाला जाणं सोडलं.

वर्गाला गेलं नाही की विषय आपोआप सुटतो, असं तिला वाटलं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पोरी हा गाढवपणा हमखास करतात, सांगणार कोण? तीन आठवड्यांनी वर्गातल्या ब्रेंडाने तिला गाठलं.

"अगं बये, तुझं नाव अजून हजेरीत आहे! सरांना दया आली, त्यांनी काढलंच नाही. उद्या शेवटची तारीख. तू स्वतः काढलं नाहीस तर सरळ नापास!"

आरासेली तशीच कॉलेजच्या कचेरीकडे धावली. या छोट्या कॉलेजातली दोन वर्षं संपवून शरदात ती मोठ्या विद्यापीठात जाणार होती. जागा मिळाली होती, पण सगळे विषय पास होण्याच्या अटीवर.

कॉलेजातले सल्लागार डिन्हसर स्पष्टच बोलले. "आज विषय सोड, नापासाचा शिक्का टळेल. पण विद्यापीठाला तू स्वतः कळव. लपवलंस तर जागा गेलीच."

"आणि कळवलं तर?"

"तरी जागा जाऊ शकते, बाळा."

तिने तिथेच विषय सोडला आणि तिथेच पत्र लिहिलं. रडगाणं नाही, गयावया नाही. वडील आजारी आहेत, विषय सोडलाय, उन्हाळ्यात पुरा करीन. बस्स.

नऊ दिवसांनी उत्तर आलं: उन्हाळ्यात पुरा करा, नाहीतर जागा रद्द. उन्हाळ्याचा वर्ग रोज सकाळी. वडिलांना बोलायला शिकवणारी बाईही सकाळीच यायची, आणि तिचं इंग्रजी घरात आरासेलीलाच कळायचं.

"पुढच्या वर्षी जा की," एउलालिया शेंगा निवडताना म्हणाली. "विद्यापीठ काय पळून चाललंय?"

"हो अमा, पळूनच चाललंय. मी जाणार. दुभाषीण मागव."

"परक्या बाईसमोर तुझ्या अपाचं सगळं काढू?"

"आणि माझ्यासमोर काढलंस ते? लघवीच्या नळीचं डॉक्टरांना मी विचारलं, अमा. अपांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मी मुलगी आहे त्यांची!"

खुर्चीतल्या फिदेन्सियोने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. एकदा, मग पुन्हा. त्याचे डोळे भरून आले होते. एउलालियाने त्याच्याकडे पाहिलं आणि शेंगा बाजूला सारून दुभाषिणीसाठी फोन हातात घेतला.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आईचा फोन आला.

"मिहा, माझ्या पोरी, अपा बोलले!"

आरासेली जिन्याकडे सरकली. "काय बोलले?"

"शिवी दिली! त्या शिकवणाऱ्या बाईला! ती एकच शब्द दहादा म्हणायला लावत होती ना. आणि आपली दुभाषीण, तिने ती शिवी जशीच्या तशी इंग्रजीत सांगितली. बाई हसून हसून बेजार! अपाही हसले." आई जरा थांबली. "तू असतीस तर गिळून टाकली असतीस, नाही का गं?"

"हो, अमा."

"मग बरं झालं. जा, वर्गात जा."

अपांचा पहिला शब्द आपल्या कानांवर पडला नाही, म्हणून ती जिन्यात बसून ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि आत गेली.